बी विंगमधले एसी

शहाडच्या एका सोसायटीच्या बी विंगमध्ये सोळा घरं होती, सोळाही घरांत ढेकूण होते आणि प्रत्येक घराने ही बाब उरलेल्या पंधरा घरांपासून यशस्वीपणे लपवून ठेवली होती. महिपतरावांकडे मात्र घाई होती. रविवारी त्यांच्या मुलीला, संचिताला, बघायला डोंबिवलीची मंडळी यायची होती आणि त्यांना बसवायला घरात तेवढा एकच सोफा होता.

"अहो, मीटिंगमध्ये सांगून टाका एकदाचं," सगुणाबाई म्हणाल्या. "सगळ्यांनी एकाच दिवशी फवारलं तरच जातात, नाहीतर या घरातून त्या घरात फिरत बसतात."

मीटिंगमध्ये सेक्रेटरी परशुरामांनी गंभीरपणे विचारलं, "ज्यांच्या सदनिकेत सदर उपद्रव असेल, त्यांनी हात वर करावा."

महिपतरावांचा हात मांडी खाजवत होता. तो त्यांनी तिथेच दाबून धरला. झाकली मूठ सव्वा लाखाची! बाकीचे पंधरा हातही असेच कुठे कुठे गुंतलेले होते. परशुरामांनी कोपर खाजवत इतिवृत्तात लिहिलं, 'विंगमध्ये ढेकूण नसल्याचे एकमताने ठरले. सबब फवारणीचा विषय निकाली काढण्यात आला.'

मग महिपतरावांनी गुपचूप फवारणीवाला बोलावला. गेटवरच्या रजिस्टरात कामाचं कारण लिहावं लागतं. त्यांनी लिहिलं, एसी सर्व्हिसिंग.

"काका, या हप्त्यातला हा अकरावा एसीवाला," वॉचमन रघु म्हणाला. "विंगमध्ये एसी तर दोनच आहेत ना?"

"तू गेट सांभाळ रे!"

गुरुवारी महिपतरावांकडे फवारलं, तसे ढेकूण शेजारच्या हेमाताईंकडे राहायला गेले. शनिवारी हेमाताईंचा 'एसी' झाला आणि ते पोराबाळांसह माघारी आले. एवढी ये-जा शेजाऱ्यांचीही नव्हती.

रविवारी मुलाची आई सोफ्यावर बसली. दोन मिनिटांत ती डावीकडे सरकली, मग उजवीकडे. तेवढ्यात तिच्या साडीच्या काठावरून एक ढेकूण निवांत चालत निघाला. सगुणाबाईंनी घाईघाईने पोह्यांचा ट्रे पुढे केला. संचिताला मुलगा आवडला होता. तिने डोळेच मिटून घेतले.

मुलाच्या आईने सराईतपणे काठ झटकला आणि ती हसून म्हणाली, "एसीचं सर्व्हिसिंग करून घ्या हो. आमच्याकडे या महिन्यात तीनदा झालं."

लग्न तिथल्या तिथे ठरलं. दोन्ही घराणी अब्रूदार निघाली.

तुमच्याकडे ढेकूण नाहीतच म्हणा. मग एसीवाला कधी येतोय?