सात नद्यांचा चषक आणि एक डोह

एका जंगलात, मुलांनो, फुटबॉलचा एक संघ होता. जंगलात फुटबॉल कसा, असं विचारू नका. जंगलात अध्यक्ष असतात, सल्लागार असतात, सभा असतात. मग एकट्या फुटबॉलनेच काय पाप केलंय?

जंगलाचं नाव करवंदीचं रान. त्याच्या आजूबाजूला आणखी चार रानं होती आणि पाचांच्या मधोमध एक डोह. उन्हाळ्यात ओढे आटले की सगळ्यांना प्यायला तेवढाच उरायचा. पूर्वी त्या डोहावर रोज मारामाऱ्या व्हायच्या. शिंगं मोडायची, शेपट्या तुटायच्या. शेवटी पाच रानांच्या म्हाताऱ्यांनी एकत्र बसून ठरवलं, भांडायचं ते मैदानावर भांडा. तेव्हापासून दर हिवाळ्यात पाच रानांची लीग सुरू झाली.

लीगमध्ये जे रान पहिलं येईल, त्याने उन्हाळाभर सकाळी पहिल्यांदा पाणी प्यायचं. दुसऱ्याने त्यानंतर. असं करत पाचवं रान डोहावर यायचं, तेव्हा चार रानांचे पाय त्यातून जाऊन आलेले असायचे. उरलेल्याला पाणी म्हणायचं ते केवळ सवयीने.

करवंदीचं रान दोन वर्षं पाचवं येत होतं.

या रानाची गोलकीपर होती येसाक्का घोरपड. वयाने उतरलेली, पायाने मंद, पण एकदा चेंडू तिच्या नखांत आला की सुटत नसे. चेंडू वेलींचा विणलेला असायचा. सामना संपल्यावर पंच टिटवीबाईला तो मागून घ्यावा लागायचा आणि कधीकधी दोनदा मागावा लागायचा.

"अक्का, सोड आता. सामना संपलाय."

"नक्की?"

"नक्की."

मगच ती सोडायची.

यंदा मात्र चमत्कार झाला होता. आठपैकी पाच सामने झाले होते आणि करवंदीचं रान पहिलं होतं. पाचही संघांत फरक चिंचोक्याएवढाच, पण पहिलं ते पहिलंच. उरलेल्या तिनांतला एक जिंकला की काम झालं.

एके सकाळी मंजुळा हरणी येसाक्काच्या बिळापाशी आली. सोबत तिची दोन पाडसं. गेल्या उन्हाळ्यात गाळाचं पाणी पिऊन त्या दोघांची पोटं अशी बिघडली होती की पावसाळ्यापर्यंत त्यांना धड उभं राहता येत नव्हतं.

"अक्का, यंदा तरी पोरांना नितळ पाणी मिळेल ना गं?"

"एक सामना," येसाक्का म्हणाली. "एकच राहिलाय. मी आहे ना."

हे बोलणं तिने मनात नीट ठेवून दिलं.

आणि नेमकी त्याच दुपारी सभा भरली.

संघाचे अध्यक्ष होते शिंगोजीराव सांबर. त्यांची शिंगं पंचक्रोशीत सगळ्यांत मोठी होती. डोकंही मोठं असावं, असा लोकांचा अंदाज होता. त्यांच्या शेजारी एका पायावर उभे होते करकोचे सर. करकोचे सर दरवर्षी हिवाळ्यात परदेशातून येत. चार महिने राहत, सल्ला देत आणि ऊन तापायच्या आत परत जात. ते परदेशात नेमकं काय करत, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे त्यांचा फार दबदबा होता.

"आनंदाची बातमी आहे," शिंगोजीराव म्हणाले. "आपल्याला सात नद्यांच्या चषकाचं आमंत्रण आलंय! सात नद्यांकाठचे मोठमोठे संघ येणार. हत्तींचा संघ येणार!"

सगळ्यांनी शेपट्या आपटल्या. येसाक्कानेही आपटली. तिलाही मनातून हत्तीची किक अडवून बघायची होतीच.

करकोचे सरांनी पाय बदलला. "आता मला सांगा, आपलं ध्येय काय?"

"गोल मारणं," पुढच्या फळीतलं रानडुक्कर म्हणालं.

"हा झाला छोटा विचार." सरांनी डोळे मिटले. "तिकडे लीगला कोण विचारतं? लीग म्हणजे तेच शेजारी, तीच तोंडं, तोच चिखल. चषक म्हणजे नाव. चषकाला तीन आठवडे आहेत. आपल्या पहिल्या अकरांनी ते तीन आठवडे विश्रांती घ्यायची. लीगचे उरलेले सामने राखीव खेळाडू खेळतील."

"राखीव म्हणजे कोण?" येसाक्काने विचारलं.

"जे उरलेत ते."

येसाक्काने आजूबाजूला पाहिलं. उरलेले म्हणजे चार ससे, तीन लांडोरी, दोन खारी, एक खवल्या मांजर आणि घुबडअण्णा.

"गोलमध्ये कोण?"

"घुबडअण्णा."

"त्यांना दिवसा दिसत नाही!"

"अनुभव दांडगा आहे," शिंगोजीराव म्हणाले.

"आणि पाणी?" येसाक्का उभी राहिली. "लीग हरलो तर उन्हाळ्यात पाण्याचं काय?"

करकोचे सरांनी तिच्याकडे मोठ्या मायेने पाहिलं. "अक्का, पाणी हा स्थानिक मुद्दा आहे."

सभेला ते वाक्य फार आवडलं. अर्थ कुणाला लागला नाही, पण इतकं छान वाक्य आपल्या रानात याआधी कुणी बोललं नव्हतं, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

मग विश्रांती सुरू झाली. विश्रांतीही कडक असते, मुलांनो. रानडुकराला चिखलात लोळायला बंदी झाली, कारण पाठीत चमक भरेल. येसाक्काच्या चारही पंजांना करंजाची पानं गुंडाळली. तिची नखं म्हणे संघाची ठेव होती.

पहिला राखीव सामना झाला. घुबडअण्णांनी शौर्याने दोन्ही पंख पसरले आणि ते मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. सहा गोल झाले. सातवा चुकला, तेव्हा अण्णांनी लोकांना अभिवादन केलं.

दुसऱ्या सामन्यात खवल्या मांजराला भीती वाटली. भीती वाटली की ते अंगाचा गोळा करतं. समोरच्या अस्वलाने त्यालाच लाथ मारली आणि ते थेट गोलमध्ये गेलं. टिटवीबाईने बराच विचार केला.

"चेंडू कुठाय?"

"तो बाहेर गेला बाई."

"मग आत काय गेलं?"

"आमचा बचावपटू."

तो गोल रद्द झाला. पण तोवर पाच वैध गोल झालेच होते.

तरीही एक सामना शिल्लक होता. शेजारच्या पळसबनाशी. तो जिंकला असता तर अजूनही पहिला नंबर होता. येसाक्का पंजांवरची पानं सांभाळत अध्यक्षांकडे गेली.

"साहेब, मला एकटीला सोडा. चषकाला अजून आठ दिवस आहेत."

"नखाला काही झालं तर?"

"नाही होणार."

"अगं, हत्ती येणार आहेत हत्ती! आणि तू पळसबनाच्या गव्यासाठी नखं झिजवतेस?"

"मला हत्तींच्या शेजारी नाही राहायचं साहेब. गव्याच्या शेजारी राहायचंय."

शिंगोजीरावांनी करकोचे सरांकडे पाहिलं. सरांनी पाय बदलला. झालं. नाही म्हणजे नाही.

तो सामना येसाक्काने मैदानाच्या कडेला बसून पाहिला. ससे त्या दिवशी जीव तोडून खेळले. एका लांडोरीने चक्क गोल मारला आणि मग आपणच दचकली. एक गोल पळसबनानेही केला. मग शेवटच्या क्षणी पळसबनाचा कर्णधार, भैरू गवा, घसरून पडला आणि त्याच्या खुराला लागून चेंडू हळूहळू घरंगळत निघाला. इतका हळू, की वाटेत एक मुंगळा त्याला ओलांडून पलीकडे गेला. घुबडअण्णा दुसरीकडे बघत होते. येसाक्काचे पंजे पानांच्या आत आवळले गेले. तिने नुसती शेपटी आडवी टाकली असती, तरी तो थांबला असता.

चेंडू आत गेला. टिटवीबाई ओरडली. पलीकडे मंजुळा हरणीने पाडसांना पुढे घातलं आणि ती मागे न बघता निघून गेली.

करवंदीचं रान पाचवं आलं. पळसबन पहिलं.

आता तुम्हाला वाटेल, चषकातही त्यांची फजिती झाली असणार. गोष्टीत तसंच होतं. पण ही गोष्ट वेगळी आहे. ते चषक जिंकले!

खरंच जिंकले. अंतिम सामना हत्तींशी होता. तो बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर गेला. शेवटची किक हत्तीची. ती अडली तर चषक करवंदीचा. हत्तीने असा चेंडू हाणला की काठावरचे बगळे उडाले. येसाक्काने झेप घेतली आणि चारही पंजांनी चेंडू धरला. चेंडू थांबला नाही. पण तिनेही सोडला नाही. चेंडू आणि येसाक्का दोघं मिळून वरच्या खांबावर आपटले आणि बाहेर पडले.

सातव्या नदीच्या काठावर एकच जल्लोष झाला. हत्तीने स्वतः येऊन तिला सोंडेने उचललं. "बाई, अशी पकड मी पाहिली नाही," तो म्हणाला. आणि खोटं कशाला सांगू, येसाक्काला त्या घटकेला डोह आठवला नाही, गाळ आठवला नाही, पाडसंही आठवली नाहीत. चेंडू मात्र तिच्या हातून दोघांनी मिळून सोडवला.

चषक मोठा होता. पांढराशुभ्र, हंड्याएवढा, दोन बाजूंना दोन कड्या. तो घेऊन सगळे परत निघाले. वाटेत ऊन चढू लागलं. तिसऱ्या नदीपाशी करकोचे सरांनी आकाशाकडे पाहिलं.

"आमचा थवा निघाला. तिकडे आता छान गारवा असेल. पुढची दिशा हिवाळ्यात ठरवू."

आणि ते उडाले.

रानात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शिंगोजीराव सगळ्या रानाला घेऊन वाजतगाजत डोहावर गेले. सर्वांत पुढे चषक. पण डोहाच्या वाटेवर टिटवीबाई आडवी उभी होती.

"रांगेत. पाचवा नंबर."

"बाई, हा चषक दिसतोय ना? सात नद्यांचा आहे!"

"मग सात नद्यांवर जा. तिथे असेल तुमचा पहिला नंबर. इथे रांग लीगची."

पळसबनाची जनावरं नितळ पाण्यात तोंड घालून पीत होती. त्यांतलं एक माकड ओरडलं, "या या, सात नद्यांचे मानकरी! सात नद्या कमी पडल्या होय, आमच्या डबक्यावर आलात?"

हशा पिकला. शिंगोजीरावांची शिंगं थरथरली.

इतक्यात भैरू गवा पाण्यातून बाहेर आला. त्याने माकडाला एक ढुशी दिली आणि तो येसाक्कासमोर येऊन उभा राहिला. जरा लाजल्यासारखाच.

"अक्का, ती हत्तीची किक... खरंच तू चेंडूसकट उडालीस?"

"उडाले."

"आणि तरी सोडला नाहीस?"

"सवय नाही रे सोडायची."

भैरूने लांब श्वास सोडला. "आमच्याकडे सगळ्यांना ऐकायचंय ते. नीट, पहिल्यापासून." मग त्याने चषकाकडे पाहिलं. "आणि तो जरा इकडे आण. आमच्या पाळीतच भरून घेऊन जा. गेल्या वर्षी आम्ही चौथे होतो. आम्ही पाय बुडवून गेल्यावर तुम्हाला काय मिळायचं, ते मला माहीत आहे."

"मुळीच नाही!" शिंगोजीराव गरजले. "सात नद्यांचा विजेता कुणापुढे हात पसरणार नाही! आणि चषक ओला झाला तर डाग पडतील!"

येसाक्काने मागे पाहिलं. मंजुळा हरणी रांगेच्या टोकाला उभी होती. पाडसं तिच्या पायांना टेकली होती. त्यांच्या जिभा बाहेर आल्या होत्या.

येसाक्काने चषकाची कडी दातांत धरली आणि चषक ओढत पाण्यात नेला.

"सोड!" अध्यक्ष म्हणाले. येसाक्काला सोडायला सांगणं किती सोपं असतं, ते तुम्हाला आता ठाऊकच आहे.

तेव्हापासून उन्हाळाभर हाच क्रम झाला. रोज सकाळी येसाक्का पळसबनाच्या पाळीत डोहावर जायची. काठावर बसून हत्तीच्या किकची गोष्ट सांगायची. भैरू चषक भरून द्यायचा. ती तो ओढत रानात आणायची. सगळ्या रानाला तेवढं पुरत नसे, पण पाडसांना पुरायचं. मोठे गाळ प्यायचे. गोष्ट मात्र रोज वाढत गेली. वैशाखापर्यंत हत्ती एकाचे तीन झाले होते आणि भैरू तिन्ही वेळा "अरे बापरे!" म्हणायचा. पाडसं त्या उन्हाळ्यात टुणटुणीत राहिली.

चषकाला पोचे आले. तळ काळा पडला. एक कडी वाकली.

पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा सभा भरली. येसाक्का तेव्हा डोहावरून परतत होती. दातांत कडी, चषक काठोकाठ भरलेला. शिंगोजीरावांनी तिला मुद्दाम पुढे बोलावलं.

"मित्रहो," ते म्हणाले, "काही जण कुजबुजत होते की लीग सोडून आपण चूक केली. त्यांना मी एकच विचारतो. चषक आणला नसता, तर पाणी कशातून आणलं असतं?"

  एका सशाने टाळी वाजवली, मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी.

"तेव्हा यंदा याहून मोठा चषक!" शिंगोजीराव म्हणाले. "आणि लीगमध्ये पहिल्या सामन्यापासून राखीव खेळाडू! कुणाचा विरोध आहे?"

येसाक्काला बोलायचं होतं. खूप बोलायचं होतं. पण त्यासाठी तोंडातली कडी सोडावी लागली असती आणि समोर दोन पाडसं चषकाकडे बघत उभी होती.

तिने कडी सोडली नाही.

ठराव एकमताने मंजूर झाला.

तात्पर्य: घरची लीग हरलात तरी हरकत नाही, मुलांनो. फक्त बाहेरून चषक असा जिंकून आणा, की त्यात शेजाऱ्याचं पाणी मावेल. आणि शेजारी बघून घ्या.