आनंदरावांची तार

आनंदराव मेश्राम चहा पिण्याआधी त्यात तार बुडवत. तारेच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा, वार्निश फासलेला, रेडिओतला डायोड आणि दुसरीकडे काट्याच्या मीटरची डबी. काटा थांबला की जाहीर करत, "साठ अंश! आता पितो."

बालाघाटात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मे महिन्यात ट्रान्झिस्टर घरघरू लागले की गिऱ्हाइकं वैतागत, हे मात्र खूश. "गुरुजी, याले गर्मी समजते! तो सांगून राह्यला, आपण ऐकून नाही राह्यलो!"

त्यातूनच हे यंत्र निघालं. शून्याची खूण करायला गोळेवाल्याकडचा बर्फ, शंभराला उकळतं पाणी. मधल्या खुणांसाठी मी माझ्या शाळेतलं थर्मामीटर देई, तर त्यालाच नावं ठेवत. "तुमचा पारा म्हणजे सरकारी बाबू. चढते, पण आरामात."

भरवेलीच्या खाणीतून सायकल हाणत आलेल्या माणसाच्या कपाळालाही ते तार लावत. आम्ही पोट धरून हसायचो.

एकदा म्हणाले, "मोठ्या प्रयोगशाळेले इंग्रजीत चिठ्ठी लिहून द्या ना. अजून दोन अंशाचा फरक पडून राह्यला." मी हौ म्हणालो, पण लिहिली नाही. तिथले लोक मलाच हसतील, असं वाटलं. ते दर रविवारी विचारत, "जवाब आला काय?" मी सांगे, "अजून नाही." असं वर्षभर चाललं.

मग हिवाळ्यात एकदा त्यांच्या घरी गेलो. लकव्यानं अर्धं अंग बधिर झालेल्या आईचे पाय ते अंगणात धूत होते. बादलीत तार बुडवत, गार पाणी ओतत, पुन्हा बुडवत. म्हातारीच्या पावलावर भाजल्याचा मोठा वण होता.

"मीच टाकलतं पाणी," ते हळूच म्हणाले. "माह्या हाताले कोमट वाटलं. तिले तर कळलंच नाही, बोलत बसली होती माह्याशी. अन् पारा चढेपर्यंत थांबलो, तर पाणी गार होते. काकडते मग ती."

दुसऱ्याच दिवशी मी पत्र टाकलं. तीन आठवड्यांत उत्तर आलं. डायोडमधला करंट एकसारखा कसा ठेवायचा, ते चित्र काढून समजावलं होतं. पण त्याच्या आठ दिवस आधी म्हातारी गेली होती.

मी कागद त्यांच्या हाती दिला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण आकडे येत होते. वरच्या ओळीत माझ्या पत्राची तारीख होती. तिच्यावर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं.

"जवाब तर लवकरच देतात हे लोक," ते म्हणाले.