फाइल फोटोतल्या बाईंनी तोंड मिटलं

आमच्या दैनिकाच्या फाइल फोटोत ज्या बाई ओरडत असतात, त्यांनी शुक्रवारी दुपारी तोंड मिटलं.

पंचाईत माझी झाली. दर रविवारी ‘समानतेचा अतिरेक’ हा माझा स्तंभ येतो आणि त्यावर याच बाई असतात. हुंडा असो, दारूबंदी असो, बायकांची कुठलीही बातमी आली की आम्ही त्यांनाच छापतो. खाली ‘महिला आक्रमक’ लिहिलं की भागतं. त्यांचं नाव विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी तर स्त्रीमनाचा अभ्यासक म्हणून व्याख्यानं देत फिरतो.

मी कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढली. “ताई, तोंड उघडा. पान छपाईला सोडायचंय.”

“मी हेमलता सोनटक्के. सिटी बसवर कंडक्टर आहे. फोटो काढला तेव्हा माझं बोलणं अर्धंच राहिलं. ते छापा, मग उघडते.”

“काय बोलणं?”

“डेपोतल्या बायकांच्या संडासाची किल्ली कंट्रोलर साहेबांकडे असते. सगळ्यांसमोर मागावी लागते. ती आमच्याकडे द्या.”

मी थांबलो. पुढे समस्त पुरुषजातीबद्दल काहीतरी येईल, अशी माझी अपेक्षा होती.

“एवढंच? मग एवढ्या ओरडत का होतात?”

“शेजारी बसचं इंजिन चालू होतं.”

मला वाईट वाटलं. पण ते छापायचं तर स्तंभातल्या काही ओळी कापाव्या लागणार होत्या, आणि त्या मला फारच आवडल्या होत्या. फोटो मिटल्या तोंडानेच गेला.

रविवारी सकाळी वाचकांचे फोन सुरू झाले. “बाई तर शांत बसल्यात. तुम्ही एवढे कुणावर चिडलाय?”

चहाच्या वेळी बाई बोलल्या. अंकाच्या प्रत्येक प्रतीतून, साध्या आवाजात, किल्लीचंच. आमच्याकडे बायकोने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “त्यांनी तुम्हाला हे सांगितलं होतं?”

मी बिस्किट बुडवत राहिलो.

डेपोत कंट्रोलर साहेब सगळ्या स्टाफमध्ये बसून आमचाच अंक वाचत होते. ते उठले आणि बायकांकडे किल्ली देऊन आले.

बातमी मीच लिहिली, नावासकट. फोटो लावायला गेलो तर चौकट रिकामी होती. बाईंची ड्युटी सुरू झाली होती. ती चौकट तशीच छापली आणि पुढचा स्तंभ लिहायला बसलो. समोर कुणी ओरडत नसलं की मला एक ओळही सुचत नाही, हे तेव्हा कळलं.