नाडीचं फेशियल

"हिला हात लावू नका, खायला घालू नका, आणि मुख्य म्हणजे घाबरू नका," असं बजावून सून ऑफिसच्या कामासाठी परगावी गेली आणि घरात काकू, काका आणि सुनेचा पाळीव साप असे तिघे उरले. साप म्हणजे खरं तर सापीण. बिनविषारी, हातभर लांबीची आणि स्वभावाने घरातल्या कोणाहीपेक्षा शांत. सुनेने तिचं काहीतरी विलायती नाव ठेवलं होतं. पण पहिल्याच दिवशी काकांनी "ही नाडी कोणी टाकली इथे?" असं विचारलं आणि तेव्हापासून ती नाडीच झाली.

नाडी कात टाकणार होती. डोळ्यांवर दुधाळ साय आली होती, रंग पार विटला होता. हवा ओलसर ठेवायची, कात अखंड निघू द्यायची आणि निघाली की जपून ठेवायची, एवढंच सुनेचं सांगणं होतं. "डोळ्यांवरची निघालीय की नाही ते मला स्वतः बघायचंय, आई," ती निघताना म्हणाली होती. "मागच्या वेळी एका डोळ्यावर राहिली होती. डोळा जाता जाता वाचला."

सापाला घरात घेताना काकूंनी एकच अट घातली होती. वरच्या मजल्यावर काय हवं ते करा, पण खाली माझ्या पार्लरमध्ये ती येता कामा नये. अट कडक होती. पण काकूंना कोणाचीही कोरडी त्वचा बघवत नसे आणि वरच्या खोलीतली हवा कोरडी ठाक होती.

"अहो, हिचं अंग बघा. नुसता कोंडा."

"सापाला कोंडा होतो?" काका खुर्ची मागे सरकवत म्हणाले.

"खाली वाफेचं यंत्र आहे, गरम टॉवेल आहेत, आणि हिला इथे सुकत ठेवायची?"

"अट तुझीच होती."

"अट सापासाठी होती. ही आजारी आहे."

या युक्तिवादापुढे काकांनी हात टेकले. सुट्टीचा दिवस होता, दुकानाच्या दारावर 'बंद'ची पाटी होती. काकूंनी नाडीचा डबा खाली आणला, ओल्या टॉवेलांच्या टोपलीशेजारी ठेवला आणि वाफ चालू केली. तिला जरा मोकळी हवा मिळावी म्हणून झाकण किंचित सरकवलं. तेवढ्यात दार वाजलं आणि मोठ्या बाई आत आल्या.

मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्याआधी त्या वर्गात काय शिकवायच्या हे आता कोणाला आठवत नव्हतं, त्यांची नजर मात्र सगळ्यांना आठवत होती. काकूंची निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्या विद्यार्थिनी. बाई जिथे जातील तिथेच त्या जाणार. समोर नवीन चकचकीत पार्लर उघडल्यापासून काकूंची झोप उडाली होती. बाई एकदा का तिकडे गेल्या, की आपल्या दुकानाला टाळं लागणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

"पाटी बंद म्हणते, पण दिवा चालू आहे," बाई म्हणाल्या. "उद्या शाळेत माझा सत्कार आहे. चेहऱ्याचं काही होत असेल तर बघा."

नाही म्हणायची काकूंची टाप नव्हती. त्यांनी बाईंना आडवं केलं, पायांवर चादर घातली, चेहऱ्याला लेप लावला, डोळ्यांवर कापसाच्या चकत्या ठेवल्या. मग त्यांचं लक्ष डब्याकडे गेलं. डबा रिकामा होता.

त्या दाराशी जाऊन कुजबुजल्या, "अहो, नाडी सुटली."

काकांनी आधी स्वतःच्या लेंग्याकडे पाहिलं. मग प्रकार ध्यानात आल्यावर ते छत्री घेऊन आले आणि खुर्च्यांखाली टोचू लागले.

"कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"हे आहेत. झाडतायत."

"नवऱ्याला कामाला लावलंत हे बरं केलंत." बाईंनी चादरीखाली पाय जरा ताणले. "आणि पायांचं कोण करतंय?"

काकूंचे दोन्ही हात बाईंच्या गालांवर होते. त्यांनी मान वळवली. बाईंच्या घोट्यांवरची चादर अगदी सावकाश हलत होती.

"गार आहे. सरकतंयही छान," बाई म्हणाल्या. "काय आहे ते?"

"यंत्र आहे, बाई. नवीन आणलंय."

काका छत्रीसकट खाली बसले. काकूंनी चादरीवरची नजर न हलवता टोपलीतून हाताला लागला तो टॉवेल उचलला, बाईंच्या चेहऱ्यावर दाबला आणि अलगद काढला. टॉवेल निघाला. पण टॉवेलात अंग घासून नाडीने जे काही काढून ठेवलं होतं ते बाईंच्या चेहऱ्यावरच राहिलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत नागमोडी, पातळ, जाळीदार, आणि शेपूट डाव्या कानावर.

बाईंनी चकत्या काढल्या. "आरसा."

काकूंनी आरसा दिला. बाईंनी बराच वेळ पाहिलं.

"हे माझं?"

"निघालं बघा," काकू म्हणाल्या. इथवर तरी ते खोटं नव्हतं.

"एवढं साचलं होतं?"

"साचतं, बाई."

"आणि ही जाळी कसली?"

"नळाचं पाणी जड आहे ना आपल्याकडे. त्याने होतं."

बाईंनी काकूंकडे शाळेतल्या त्याच नजरेने पाहिलं. कात हळूच सोडवली, रुमालात गुंडाळली, पर्समध्ये घातली आणि "हे मी घेऊन जाते" म्हणून त्या उठल्या. काकांनी डोळे मिटून अख्खी चादर उचलली आणि डब्यात रिकामी केली.

दुसरा दिवस काकूंनी जिवात जीव नसल्यासारखा काढला. तिकडे भर सत्कारात बाई पर्स उघडत असतील, आणि उद्या सून येऊन कात मागेल. सून पहिल्यांदाच काहीतरी आपल्यावर सोपवून गेली होती आणि आपण ते गिऱ्हाइकाच्या तोंडाला फासलं, याचंच त्यांना जास्त वाईट वाटत होतं.

सून यायच्या दिवशी सकाळीच बाई हजर झाल्या. हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर सरळ ताणून चिकटवलेली कात.

"बाई, ती तुमची नव्हती," काकूंनी एका दमात सांगून टाकलं.

"माहीत आहे. माझ्या चेहऱ्याला शेपूट नाही." बाईंनी पुठ्ठा टेबलावर ठेवला. "मुख्याध्यापिका होण्याआधी मी जीवशास्त्र शिकवत होते. दोन्ही डोळ्यांवरच्या कातीच्या टोप्या भिंगाखाली बघितल्या, नीट निघाल्यात. ज्याचा प्राणी असेल त्याला सांगा."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मुलगी थाप कुठवर रेटते ते आधी बघायचं असतं. तुम्ही नळाच्या पाण्यापर्यंत गेलात."

काकूंचे डोळे भरून आले. "आता तुम्ही समोरच्या पार्लरला जाणार."

"जाऊन आले. सत्काराला जाताना पाय करून घेतले. काय ते खरखरीत हात." बाईंनी चपला काढल्या आणि खुर्चीवर आडव्या झाल्या. "त्यांच्याकडे ते यंत्र नाही."

दुपारी सून बॅग घेऊन थेट पार्लरमध्येच शिरली आणि दारातच थबकली. मोठ्या बाई डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांच्या घोट्यांवरून नवी कोरी, चकाकती नाडी निवांत फिरत होती, आणि पुठ्ठा छातीशी धरून काकू शेजारी उभ्या होत्या.

"आई, ही खाली कशी? तुमची तर अट होती..."

"आधी दार लाव, हवा कोरडी होते," काकू म्हणाल्या. "आणि हळू बोल. तिचं गिऱ्हाईक चालू आहे."