शिरोडकर काकांचा ओक

शिरोडकर काका कुठलंही पान दिसलं की उलटं करून गालावर घासतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा ओट्यावरच्या कढीपत्त्याचंही त्यांनी तेच केलं. म्हणाले, "गुळगुळीत आहे. चालू द्या."

काका शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. रस्त्याकडेला झाडं लावणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. "जन्मभर खजूर लावले, वहिनी. सावली खांबाएवढी!" म्हणून त्यांना ओक हवा होता, इथे आखातात, अल नहदात, आमच्या बिल्डिंगपुढे, मुलं स्कूलबसची वाट बघत तापतात तिथे.

रोप आणायला आमचे हे गाडी घेऊन सोबत गेले होते. नर्सरीवाला म्हणाला, हे ऑलिव्ह आहे. काका तिथेच भांडले. "हबीबी, पान उलटून बघ! खाली पांढरी लव आहे."

"वो तो ऑलिव्ह में भी होती है."

"मग फांदी बघ! ऑलिव्हची पानं समोरासमोर येतात. ही एक इकडे, एक तिकडे. ओकच हा!"

नर्सरीवाल्याने हात जोडले, म्हणाला, "ओक तो ओक, खलास."

रोप लावलं आणि काकांचं बूड कुठे टेकेना. वारा सुटला की लिफ्टने खाली, वारा पडला की वर. सगळ्या मजल्यांवर एसीच्या पाण्याखाली बादल्या लावायला लावल्या. "यल्ला, चला चला, भरली का?" आमची मुलगी म्हणाली, "अंकल, इट्स जस्ट अ प्लांट."

"ट्री!" काका ओरडले.

ट्रीच्या सावलीत एक मांजर बसायचं, तेही शेपूट उन्हात ठेवून.

यंदा मे महिन्यात कंपनीने काकांना रिटायर केलं. आता कायमचं गावी जायचं. पहिला उन्हाळा निघाला तर झाड जगलं, असं तेच सांगायचे, आणि खरं ऊन तर पुढेच होतं. काका सारखे दारात यायचे. मीठ आहे का? वाजले किती? विचारायचे आणि परत जायचे. मला बोलायला जमत नाही, त्यांना मागायला.

शेवटी मीच म्हटलं, "काका, पाणी मी घालीन."

तेव्हा काका खुर्चीत बसले. पाणी बुंध्यापासून लांब घाला, भर उन्हात नको, सगळं शांतपणे सांगितलं. मग उठले आणि दारात थांबले.

"रोज थोडं बोलत जा त्याच्याशी."

"मी? काय बोलू?"

"आज काय जेवलात ते सांगा," काका चपलेत पाय घालत म्हणाले. "मी रोज तेच सांगतो."