बापू मोजणीदारांचा पाचवा डबा

२०१४ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो. पुतणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी बापू मोजणीदारांकडे गेलो. बापूंनी पत्रिकेवरच्या अक्षता देवापुढे वाहिल्या, खिशातून तळहाताएवढं यंत्र काढलं आणि त्याच्या काडीने टुकटुक करत सगळी पत्रिका त्यात उतरवली. मुहूर्त, मांडव, वर, वधू, आशीर्वाद इच्छिणारे, काही सोडलं नाही. मग पत्रिका माझ्या हातात परत दिली.

"घे. करकरीत आहे. दुसऱ्या कुणाला चालेल."

"बापू, तुमचं नाव घातलंय त्यावर."

"पाकिटावर आहे. पाकीट बदल."

असे बापू. "कागद नको" हे त्यांचं कायमचं बोलणं. वाण्याकडे साखर आणायला डबा घेऊन जात, पुडी घेत नसत. एसटीत कंडक्टरने दिलेलं तिकीट त्यालाच परत देत. "दिलंस ते तुला आठवतंय ना? मग झालं." भिंतीवर कॅलेंडर नाही. एकादशी कधी ते यंत्राला विचारायचे. यंत्र परदेशी, त्याला एकादशी काय ठाऊक? मग यायचे आमच्या हिला विचारायला. ज्या माणसाने पस्तीस वर्षं नकाशे काढले, उतारे वाचले, गावोगाव साखळी टाकून जमिनी मोजल्या, त्याच्या घरात शेवटी कागदाचं चिटोरंसुद्धा राहिलं नव्हतं.

माझं म्हणाल तर मी चौथीपर्यंत. मास्तरांनी मला चौथीत ठेवलं, मी राहिलो नाही. माझा धंदा गडगे रचायचा. जांभा दगड एकावर एक बसवून बागेला कुंपण घालायचं, ना चुना ना माती. एका दगडाने दुसऱ्याला धरायचं, बस. रत्नागिरीपासून सावर्ड्यापर्यंत माझे गडगे उभे आहेत, कुणीही जाऊन ढकलून बघावं. मात्र बापूंच्या आणि माझ्या बागेच्या मधे जो गडगा आहे, त्यावरून आमचं वीस वर्षं वाकडं होतं. मी तो रचला तेव्हा बापू नोकरीवर होते. संध्याकाळी आले, या टोकाला उभं राहून एक डोळा मिटून बघितलंनी आणि म्हणाले, "शिवराम, दोन हात माझ्यात आलास."

मी म्हटलं, "बापू, तुमची साखळी दोन हात आखूड आहे."

त्यांनी अर्ज केला नाही. भांडले नाहीत. पण तेव्हापासून रस्त्यात भेटले की लोक राम राम करतात तसं ते म्हणायचे, "दोन हात, शिवराम." लग्नात भेटले तरी तेच, मयताला भेटले तरी तेच.

आता त्या यंत्राचं सांगतो. ते बापूंच्या मुलाचं, नंदनचं. नंदन पुण्याला संगणकाच्या कंपनीत होता. त्याला एक खेळ लागला होता. जगभर लोक डबे लपवतात, जागेचे आकडे एकमेकांना कळवतात, आणि दुसऱ्यांनी ते शोधायचे. सापडला तर आतल्या वहीत नाव लिहायचं, एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची, डबा होता तिथे परत ठेवायचा. त्याच्याकडे दोन यंत्रं होती. एक आकाशातल्या उपग्रहांना विचारून तुम्ही कुठे उभे आहात ते सांगतं. दुसरं हा हातातला संगणक. कुठला डबा, कसा शोधायचा, कोणाला सापडला, सगळं त्यात भरलेलं. बरोबर कागदांचं भेंडोळं न्यायला नको.

एका गणपतीत नंदन घरी आला आणि आपल्या मुलखात पाच डबे लपवून गेला. बापूंना म्हणाला, "बाबा, चला माझ्याबरोबर." बापू म्हणाले, "मी मोजणीदार आहे. पोरखेळ करत नाही."

पुढच्या शिमग्याला नंदन गेला. रक्ताचा आजार. चौतीस वर्षांचा होता. बापूंची बायको आधीच गेलेली. पुण्याहून बापू आले ते ही दोन यंत्रं घेऊन. सत्तर वर्षांच्या माणसाने तीन महिने ओटीवर बसून ती स्वतःची स्वतः शिकली. मग दर रविवारी डबे शोधायला निघायचे. मला बरोबर न्यायचे, कारण खाली वाकायला दुसरा माणूस लागतो.

आरे-वारेच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात आम्ही दोघे म्हातारे गुडघ्यावर रांगत होतो. फिरायला आलेल्या बायका ओरडल्या, "काय शोधताय हो? चोर आहात काय?" बापूंनी मान वर करून नुसतं म्हटलं, "मोजणी चालू आहे." बायका, पोरं, भेळवाला, सगळे दहा पावलं मागे सरले. पस्तीस वर्षांचा दरारा, तो काय वाया जातो?

डबा एका सुरूच्या मुळांत सापडला. त्यातल्या वहीच्या पहिल्या पानावर नंदनचं अक्षर होतं. बापूंनी वही लगेच मिटली. नाव लिहिलं नाही, वस्तू घेतली नाही. यंत्रात काडीने "सापडला" एवढं लिहिलंनी. परत येताना एसटीत तिकीट परत दिलंनी.

असे चार झाले. पाचव्याचे आकडे घेऊन बापू निघाले आणि फिरून फिरून माझ्या गडग्यापाशी येऊन उभे राहिले.

"शिवराम, चार दगड काढू देतोस?"

"माझ्या गडग्याला हात लावायचा नाही."

"मी परत रचून देईन."

"तुमच्या हातचा दगड माझ्या गडग्यात?"

त्यांनी दुसऱ्याच्या हद्दीला परवानगीशिवाय कधी हात लावला नव्हता, तिथेही लावला नाही. पण दर रविवारी यायचे. बॅटरी मारून, दाढीचा आरसा फटीत धरून, एकेक दगड बघत बसायचे. आमची ही चिडायची. "आवो, चार दगड काढू द्यायला तुमचा जीव का जातो? खाली हंडा पुरलात काय?"

हंडा नव्हता. तिथे काहीच नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

पावसाने गडगा ठिकठिकाणी ढासळतो, म्हणून दर दिवाळीला मी तो सारखा करतो. नंदन लपवून गेला त्याच दिवाळीत तो डबा माझ्या हाताला लागला होता. झाकणाचा डबा. आत एवढीशी बाहुली, तिच्या पाठीला टाचणी. लाल दोऱ्याचं कडं. एक नाणं, एक पितळी बिल्ला, आणि वहीत इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. मला खेळाचं काय ठाऊक? माझ्या हद्दीत, दगडाच्या पोटात, टाचणी लावलेली बाहुली. आमच्याकडे याला एकच नाव आहे, करणी. मी कोणाला बोललो नाही. त्यात लिंबू कापून घातलं, मीठमोहरी घातली, नारळ घेतला आणि जागेच्या राखणदाराच्या दगडापुढे उभं राहून गाऱ्हाणं घातलं: "ज्यानं कोणी हे ठेवलंन असेल, त्याचं त्याला परत जाऊ दे, महाराजा." होय महाराजा म्हणायला दुसरं कोणी नव्हतं. तेही मीच म्हटलं. मग डबा बंद पडलेल्या जांभ्याच्या चिरेखाणीत साचलेल्या पाण्यात टाकला. पितळी बिल्ला तेवढा ठेवला. पितळ कोण टाकतो? तो गाईच्या गळ्यात बांधला.

चार महिन्यांनी नंदन गेला.

बापूंच्या यंत्रातून डब्यांचं सगळं बाहेर आलं तेव्हा मला उमगलं मी काय केलं ते. मग कसे काढू देणार चार दगड? दगड काढले की रिकामी जागा दिसणार, आणि मग मला तोंड उघडावं लागणार.

चैत्रातल्या एका रविवारी बापू आले ते गडग्याकडे न जाता माझ्या ओटीवर बसले. यंत्र हातात.

"शिवराम, याची बॅटरी आता धरत नाही. दिवसातून तीनदा लावतो. एकदा पूर्ण उतरली की आतलं सगळं पुसलं जातं. नंदनने लिहिलेलं सगळं."

"मग कागदावर उतरवून घ्या."

"कागद नको." मग म्हणाले, "इस्पितळात सही करून नंदनला ताब्यात घेतला, त्यानंतर मी कागदाला हात लावलेला नाही."

"पाचव्या डब्याचं त्याने काय लिहिलंय ते ऐक," असं म्हणून त्यांनी चष्मा वर केला आणि वाचलं. "शिवरामकाकांच्या गडग्यात, त्या दोन हातांत. हा फक्त बाबांनी शोधायचा, काकांना विचारून. तेवढ्याने तरी दोन हातांचं भांडण मिटेल."

ही आतून पाणी घेऊन आली होती, ती तशीच दारात उभी राहिली. मला वाटलं, आता नाही बोललो तर मेल्यावरही हे उरावर राहील. मी सगळं सांगितलं. बाहुली, लिंबू, गाऱ्हाणं, शब्द न शब्द. ती खाणही आता रस्त्याच्या कामातल्या मातीने बुजवली होती, तेही सांगितलं.

बापूंनी मोजणीच्या वेळी विचारायचे तसं विचारलंनी, "डब्यात काय ठेवलंस?"

"लिंबू. मीठमोहरी."

"आणि घेतलंस काय?"

"काही नाही," मी म्हटलं. एवढं सांगूनसुद्धा बिल्ल्याचं तोंडातून निघेना. माझा स्वभाव.

त्यांनी काडीने यंत्रात काहीतरी लिहिलं. मी विचारलं, "काय लिहिलंत?"

"सापडला. शिवरामला." मग यंत्र खिशात घातलंनी. "शिवराम, त्याचा आजार श्रावणात निघाला होता. गणपतीत डबे लपवले तेव्हा त्याला माहीत होतं. तुझं गाऱ्हाणं दिवाळीचं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्याच्या खोलीत तपासणीचे कागद होते."

"मला दाखवा."

"जाळले. मी घरात कागद ठेवत नाही."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. वीस वर्षं ज्याने दोन हात सोडले नव्हते, तो माणूस माझ्यासाठी दोन महिने इकडचे तिकडे करेल काय? मला आजही कळलेलं नाही. विचारायला कागदच नाही.

बापू उठले. गडग्यापाशी थांबले, वाकून चप्पल सारखी केली, आणि गेले. दोन हातांचं काही बोलले नाहीत. वीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर मी गाईच्या गळ्यातला बिल्ला सोडला आणि राखेने घासला. घासल्यावर त्यावरचे दाते दिसले. बापूंच्या मोजणीच्या जुन्या साखळीचा होता तो, दात्यांवरून कितवी कडी ते सांगणारा. हिची मसाल्याची डबी रिकामी करून त्यात घातला. गडग्याचे वरचे चार थर उतरवले, डबी आत बसवली, थर परत रचले. एकही दगड हलला नाही. मग बापूंच्या दारात गेलो. ते यंत्राची वायर भिंतीला लावून त्याच्यापुढे बसले होते.

मी उंबऱ्याबाहेरूनच म्हटलं, "बापू, चार दगड काढायची परवानगी द्यायला आलोय."