शिल्लक कुठून येते?

तेलाच्या डब्याला कुलूप लावावं, एवढंच मी ठरवलं होतं. त्यापुढं जे झालं त्याला मी जबाबदार नाही. (बायकोचं मत वेगळं आहे. तिचं मत नेहमीच वेगळं असतं आणि शेवटी बरोबर निघतं, हा तिचा मोठा दोष.)

मी प्रफुल दुर्गे. कोरपना तालुक्यातल्या एका सिमेंट कंपनीत पंचवीसेक वर्षं स्टोअर क्लार्क होतो. गेल्या मार्चमध्ये कंपनीनं जुनी भट्टी बंद केली आणि भट्टीबरोबर आम्हा काही जणांनाही थंड केलं. याला स्वेच्छानिवृत्ती म्हणतात. स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती माझी. वय बावन्न. निरोपाला हार, पेढा आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्याला आता कुठं जायचंच नाही, त्याला वेळ तरी कळावी म्हणून.

सुरुवातीचे काही दिवस मी ओसरीत बसून काढले. सकाळी कंपनीचा भोंगा वाजला की पाय आपोआप चपलेत जायचे. मग मी दारापर्यंत जाऊन परत यायचो. शेवटी वाटलं, असं चालणार नाही. पोरगी हर्षा नागपूरला नर्सिंग शिकत होती, पगार बंद झालेला. तेव्हा घरखर्चाला कात्री लावायची आणि ती कात्री माझ्याच हातात हवी. स्टोअरवाल्याला दोन गोष्टी येतात, मोजणं आणि संशय घेणं. मोजायला फारसं उरलं नव्हतं, म्हणून सगळा भार संशयावर पडला.

पेपर बंद केला. दूध अर्धं केलं. पंखा दुपारी फक्त पाहुण्यांसाठी. आणि तेलाच्या डब्याला कुलूप. चाबी माझ्या खिशात.

"अवो, तेल द्या," ज्योत्स्ना म्हणाली. ज्योत्स्ना म्हणजे माझी बायको.

"किती?"

"भाजीपुरतं."

"कोनती भाजी?"

"वांगे."

"वांग्याले येवढं कायले? वांगं आधीच तुकतुकीत राह्यते."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी दोन पळ्या जास्त दिल्या.

चार दिवसांनी पीएफच्या कामासाठी मी चंद्रपूरला गेलो. चाबी खिशातच. नेमकी त्याच दिवशी मूल गावाहून ज्योत्स्नाची वहिनी आली, ती पण दोन पोरं घेऊन. शेजारच्या कमलाबाईकडून तेल आणून भजी तळली गेली, आणि भज्यांबरोबर मीही. संध्याकाळी मी गल्लीत शिरलो तेव्हा कमलाबाई दारातच होत्या.

"भाऊ, चाबी सांभाळून ठेवजा बरं," त्या म्हणाल्या. "आता आमच्या घरचं बी तेल सरलं."

त्याच आठवड्यात गुणवंतराव घरी आले. बसस्टँडजवळ त्यांचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. विहारात भेट व्हायची, तेवढीच ओळख.

"जय भीम, दुर्गे साहेब! मले दुकानात तुमच्यासारखाच मानूस पाह्यजे. स्टोअर इनचार्ज. नऊ ते सहा. सहा हजार देईन."

हे बोलताना ते ज्योत्स्नाकडं पाहत होते आणि ज्योत्स्ना बंद पंख्याकडं पाहत होती. मी कशाचाही संशय घेतला नाही. (आयुष्यात एकदाच घेतला नाही, तोही तिथंच.) माझी छाती इतकी फुगली की मी तिथल्या तिथं तेलाची चाबी बायकोला देऊन टाकली. पगारदार माणसाच्या खिशात तेलाची चाबी शोभत नाही.

दुकानात मी कंपनीची शिस्त आणली. पहिल्याच आठवड्यात मुखरूभाऊ नावाचे कापसाचे शेतकरी फवारणी पंपाचं नोझल घ्यायला आले.

"जुनं नोझल जमा करा," मी म्हणालो.

"जुनं तं वावरात पडलं."

"वावरात कुठी?"

"मले मालूम असतं तं नवीन कायले घेतलं असतं, भाऊ?"

"मंग नवीन कुठी लावसान? नावगाव सांगा. पंप कोनाच्या नावानं हाये?"

मुखरूभाऊंनी गुणवंतरावांकडं पाहिलं. गुणवंतराव छताकडं पाहू लागले. मुखरूभाऊ बाहेर पडले आणि समोरच्या दुकानात गेले. मला माझ्या दक्षतेचा अभिमान वाटला. ज्याचा हेतू स्वच्छ तो कशाला पळेल?

महिना भरला की गुणवंतराव पाकीट द्यायचे, मी ते तसंच ज्योत्स्नाच्या हातात ठेवायचो आणि ती "बरं झालं" म्हणायची. संसार सुरळीत चालला होता. जरा जास्तच सुरळीत चालला होता, आणि तिथंच माझं नाक हललं.

दूध पुन्हा पूर्ण झालं होतं. रविवारी मटण होऊ लागलं. हर्षाची फी वेळेच्या आधी गेली. घरात पाच लिटरचा कुकर होता, त्याच्या शेजारी एक दिवस दहा लिटरचा दिसला. दोन माणसांच्या घरात! स्टोअरमध्ये माल कमी भरला तर चोर बाहेरचा असतो, पण माल जास्त भरला तर चोर नक्की आतला असतो. कमी पडलं की सगळे ओरडतात. जास्त पडलं की फक्त मी झोपत नाही.

"हे सारं कशातून होऊन राह्यलं?" मी विचारलं.

"काटकसरीतून."

"कशातली काटकसर?"

"सगळ्यातली."

"आकडा सांग."

"आकडा काऊन पाह्यजे? जेवून राह्यले ना तुमी?"

मी जेवत होतो, हे खरं होतं. दुसऱ्यांदा रस्सा घेत होतो, हेही खरं होतं. तेव्हा मी तिसऱ्यांदा वाटी पुढं केली. पण त्याच रात्री जेवणं झाल्यावर तिचा फोन वाजला आणि ती हळूच म्हणाली, "आता नोको, हे घरी हायेत."

हे म्हणजे मी. मी घरी असताना काय नको?

मग ती नोट आली. एका महिन्याचा पगार मी दिला तेव्हा ज्योत्स्ना हळद कालवत होती. तिनं तशाच हातानं पाकिटातल्या नोटा घेतल्या आणि वरच्या पाचशेच्या नोटेवर अंगठ्याचा पिवळाधमक ठसा उमटला. पुढच्या महिन्यात गुणवंतरावांनी पाकीट दिलं, मी उघडून पाहिलं, आणि तीच नोट. तोच ठसा. ज्योत्स्नाचा अंगठा मी हजारात ओळखीन. तिनं तो मला लग्नापासून दाखवला आहे.

आमच्या घरची नोट दुकानात गेली कशी? ज्योत्स्नानं तिथून काही विकत घ्यावं तर आम्हाला ना शेत, ना विहीर, ना मोटार. मी गुणवंतरावांकडं नव्यानं पाहिलं. गुणवंतराव विधुर आहेत. केसांना कलप लावतात. आणि अलीकडं, हे मला तेव्हाच जाणवलं, सेंटही मारू लागले होते.

विनोद बाजूला ठेवून सांगतो, मी घाबरलो. नोकरी गेली तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मी गुणवंतरावांना फोन करून पीएफसाठी चंद्रपूरला चाललो म्हणून सांगितलं, घरी मात्र "दुकानात जातो" म्हणून निघालो आणि आमच्या घरासमोरच्या इसरूच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. ओळख पटू नये म्हणून हेल्मेट काढलं नाही.

"साहेब, टोपा काढा ना," इसरू म्हणाला. "चहा कसा पेसान?"

हेल्मेटच्या आतून आवाज बदलून मी म्हणालो, "मी साहेब नाही."

"बरं. मंग साहेबाच्या खात्यावर लिहू का रोख देता?"

मी रोख दिले. इसरूला विचारलं असतं तर त्यानं दोन वाक्यांत सगळं सांगितलं असतं, हे मला आज कळतं. पण संशयी माणूस विचारत नसतो. तो बसून राहतो.

साडेअकराच्या सुमाराला आमच्या दारात एक मोटारसायकल थांबली. एक तरुण पोरगा आत गेला, पिशवी घेऊन बाहेर आला, भुर्रकन निघून गेला. मग दुसरा आला. मग दोघं एकदम. सगळे अनोळखी, सगळे घाईत, आणि प्रत्येकाच्या हातात पिशवी! माझ्याच घरातून माल बाहेर जात होता आणि गेटवर कोणी तपासत नव्हतं. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. तेवढ्यात स्कूटरवरून गुणवंतराव आले. सेंटचा वास रस्ता ओलांडून हेल्मेटमध्ये शिरला. ज्योत्स्ना दारात आली, पदराआडून पाकीट काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

मी धावलो. संतापानं श्वास इतका गरम झाला होता की हेल्मेटची काच आतून पांढरी झाली आणि मला काही दिसेना. आधी मी कमलाबाईंच्या वाळत घातलेल्या लुगड्यात शिरलो, तिथून बाहेर पडून माझ्या घराच्या चौकटीवर डोकं आपटलं आणि आत जाऊन ओरडलो. काय ओरडलो ते मलाही ऐकू आलं नाही.

"कोन होय हा?" कमलाबाईंचा आवाज आला.

"आमचेच होत," ज्योत्स्ना म्हणाली. "अवो, टोपा काढा आधी. घरात पोळ्या होऊन राह्यल्या, अपघात नाई होत."

हनुवटीखालचा पट्टा अडकला होता. मी ओढला, तो आणखी आवळला. शेवटी गुणवंतरावांनीच पुढं येऊन तो सोडवला. ज्याचा गळा धरायला मी आलो होतो, त्यानंच माझा धरला.

हेल्मेट निघालं तेव्हा मला दिसलं. कमलाबाई पोळ्या लाटत होत्या. दहा लिटरचा कुकर शिट्ट्या देत होता. आणि माझी बैठक, जिथं मी संध्याकाळी टीव्ही पाहतो, ती स्टीलच्या डब्यांनी भरली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"डबे," ज्योत्स्ना म्हणाली. "कंपनीत नव्या भट्टीवर बाह्यरगावचे पोरं आले ना, ठेकेदाराकडं? त्याहिले जेवन पाह्यजे. वीस डबे जाते रोज. भांडे-सामान कमलाबाईकडं ठेवतो, तुमाले दिसू नाई म्हनून."

"अन् हे पाकीट?"

कमलाबाईंचं लाटणं थांबलं. गुणवंतराव खाली पाहत म्हणाले, "साहेब, राग नोका मानू. माहा धंदा लहान. मले मानूस परवडत नाई. बाई म्हने, भाऊ, पगार आमच्या घरून येईन, तुमी फक्त त्याहिले बसाले जागा द्या."

"म्हनजे माहा पगार..."

"तुमचाच होय," ज्योत्स्ना घाईनं म्हणाली. "मी भाऊले देतो, भाऊ तुमाले देते, तुमी मले देता. कुठी जात नाई पैसा."

एक पैसा, तीन खिसे. आणि मी पाच महिने केसांना तेल लावून, इस्त्रीचा शर्ट घालून या पगारासाठी जात होतो.

"काऊन केलं असं?" मी विचारलं. आवाज बदलायला हेल्मेटची गरज नव्हती.

"तुमी घरी राह्यले असते तं पोळीले तेल लावू का नाई हे बी तुमाले इचारा लागलं असतं. वीस पोरं उपाशी मेले असते." मग ती जरा हळू बोलली. "अन् भोंगा वाजला का तुमी चपला घालून दारात जाऊन उभे राहा. माह्याच्यानं पाहवत नोहोतं."

मी डब्यांमध्ये जागा करून खाली बसलो. कमलाबाईंनी एक पोळी शेकून माझ्यासमोर ठेवली. मी ती खाल्ली. चांगली होती, तेल भरपूर होतं.

थोड्या वेळानं गुणवंतराव खाकरले.

"बाई, साहेब हायेतच तं एक गोष्ट बोलतो. पैसा फिरून तुमच्याच घरी येते, पन नुकसान माह्या घरी राह्यते. मुखरूभाऊ आता नोझलसाठी पार गडचांदूरले जाते. गिऱ्हाईक दुरूनच इचारते, इनचार्ज बसला हाये का? पुढच्या महिन्यापासून महिन्याचे हजार रुपये मले वेगळे लागन. नाई तं साहेबाले तुमी घरीच ठेवा."

ज्योत्स्नानं एकदा डब्यांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आता तुमीच बोला."

घरखर्चाच्या बाबतीत कित्येक महिन्यांनी मला कोणी काही विचारलं होतं. मी ताठ झालो.

"हजार?" मी म्हणालो. "कशाचे हजार? मानूस दिवसभर एका खुर्चीवर बसते. पंखा त्याच्या बाजूनं नाई. चहा त्याच्या पैशाचा. त्याले ठेवाचे हजार?"

"साहेब, गिऱ्हाईक पळते ना."

"किती पळन? त्या मानसाच्यानं दिवसाले चारच्या वर पळवनं होत नाई, मी सोता पाह्यलं. अन् दुपारी तं त्याचा डोळा लागते. तेवढा वेळ वजा करा."

गुणवंतराव सातशेवर आले. मी दोनशेवर अडून बसलो. ते म्हणाले, असा माणूस सांभाळणं सोपं नाही. मी म्हणालो, असा माणूस फुकट मिळतो म्हणूनच तर तुम्ही ठेवला. अर्ध्या तासाच्या घासाघिशीनंतर तीनशेवर सौदा पटला.

ज्योत्स्नाचा चेहरा फुलला. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं चारचौघांत माझं कौतुक केलं.

"पाहा," ती म्हणाली, "मनावर घेतलं तं किती सस्त्यात पडता तुमी!"

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला मी दुकानात हजर होतो. तीनशे रुपये भरले होते, वाया कसे जाऊ द्यायचे?